नाव विसरणारा गृहस्थ

अध्यक्ष चष्मा पुसत म्हणतात, "मंडळी, आजची बैठक चॅटम हाउस नियमाखाली आहे बरं का." टेबलाभोवतीचे वीस-पंचवीस जण माना डोलावतात. दोघं-तिघं मोबाइल पालथे घालतात. ज्यांनी हे नाव जन्मात पहिल्यांदा ऐकलं तेही आपण यात मुरलेले आहोत असा चेहरा करतात. हा गृहस्थ खोलीत येतो तो असा. त्याला खुर्ची लागत नाही, नावाची पाटी लागत नाही, चहासुद्धा लागत नाही. पण तो आला की बोलण्याची पट्टी बदलते. इतका वेळ छापील निवेदनातली वाक्यं म्हणणारे निवृत्त राजदूत खुर्चीत पुढे सरकतात आणि म्हणतात, "आता खरं सांगायचं तर..."

वयाने तो शंभरीच्या उंबरठ्यावर आहे. जन्म १९२७, मुक्काम लंडन. अंगकाठी अगदीच बारीक, म्हणजे सगळा देह एका वाक्याचा: बैठकीत जे ऐकलं ते खुशाल वापरा, पण ते कोण बोललं, तो कुठल्या संस्थेचा वा खात्याचा, आणि बैठकीला आणखी कोण हजर होतं, हे उघड करू नका. बस्स. १९९२ आणि २००२ मध्ये त्याच्या भाषेची डागडुजी झाली. पूर्वी तर हे आपल्या संस्थेच्या बैठकीत ऐकलं एवढंही सांगायची मुभा नव्हती. ती अट नंतर गळली. म्हातारपणी माणसं आणखी हट्टी होतात, हा उलट थोडा सैल झाला.

त्याच्याबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज असा, की तो तोंडाला कुलूप लावतो. कितीतरी सभांमधून माणसं "नियम आहे, बाहेर काही बोलायचं नाही" असं एकमेकांना बजावत निघतात. तो तसा नाहीच. गुपित राखणं हा त्याचा धंदा नाही. त्याला बोललेलं सगळं बाहेर जायला हवं आहे. फक्त बोलणाऱ्याचा पत्ता सोबत जायला नको आहे. लग्नं जुळवणारा एखादा काका जसा "मुलाकडच्यांचं असं म्हणणं पडलं" एवढंच सांगतो आणि कुठल्या मामीने नाक मुरडलं ते पोटात ठेवतो, तसा हा.

एक उदाहरण मनाशी घेऊन बघू. समजा, दोन देशांमधल्या नदीच्या पाण्यावर बैठक आहे. पाटबंधारे खात्यात पूर्वी काम केलेले एक अधिकारी सांगतात, की कराराचा मसुदा आपल्याच फायलीत तीन वर्षं पडून होता, पलीकडच्यांना उगाच दोष दिला. त्या टेबलावर एक पत्रकार बाई आहेत. दुसऱ्या दिवशी त्या काय लिहू शकतात? मसुदा तीन वर्षं फायलीत पडून होता, हे लिहू शकतात. अलीकडेच एका चर्चेत हे ऐकलं, हेही लिहू शकतात. पण "पाटबंधारे खात्यातल्या एका माजी अधिकाऱ्याने सांगितलं" असं लिहिलं की मोडला नियम, कारण तसे अधिकारी त्या विषयात चारच असतात आणि वाचणाऱ्याला बोटं मोजता येतात. बैठकीला अमुक मंत्रीही बसले होते, हे सांगायचीही सोय नाही, मग मंत्री अख्खा वेळ गप्प का बसलेले असेनात. समाजमाध्यमावर लिहायला हरकत नाही, मात्र तिथेही हेच पथ्य. फोटोत कोपऱ्यात कुणाचा कान दिसला तरी घोटाळा.

आता त्याचं माहेर. लंडनच्या सेंट जेम्स चौकातलं दहा नंबरचं घर. चौकाच्या मधोमध बाग आणि बागेत घोड्यावर बसलेला तिसरा विल्यम. जवळच ईस्ट इंडिया क्लब, म्हणजे आपल्या इतिहासाचे हिशेब या चौकात घरोघरी निघतील. दहा नंबरच्या भिंतीवरची पाटी सांगते, की इथे तीन पंतप्रधान राहून गेले: थोरला विल्यम पिट, लॉर्ड डर्बी आणि ग्लॅडस्टन. पिट पुढे चॅटमचा अर्ल झाला, म्हणून घराला चॅटम हाउस हे नाव. पार्लमेंटमध्ये भर सभेत कडाडण्याबद्दल ज्याची ख्याती, त्याचं नाव कोण बोललं ते न सांगण्याच्या नियमाला चिकटावं, यात कुणाला तरी विनोदबुद्धी होती असं वाटतं. नव्हती; नुसता योगायोग.

घराची आताची मालकीण म्हणजे रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ इंटरनॅशनल अफेअर्स. पहिलं महायुद्ध संपून पॅरिसमध्ये तहाची बोलणी चालली होती, तेव्हा ३० मे १९१९ रोजी हॉटेल माजेस्टिकमध्ये काही ब्रिटिश आणि अमेरिकन मंडळी जमली. तहाच्या कामात त्यांना एक गोष्ट टोचली होती: नकाशावर रेघा मारायला बसलेल्यांना त्या नकाशातल्या मुलखांची पुरती माहिती नसते, आणि लोकांना तर काहीच कळवलं जात नाही. तेव्हा जगाच्या कारभाराचा सतत अभ्यास करणारी, सरकारी नसलेली, पक्षाची नसलेली संस्था काढायची असं ठरलं. लंडनची संस्था १९२० मध्ये उभी राहिली. अमेरिकनांनी १९२१ मध्ये न्यूयॉर्कला आपली वेगळी चूल मांडली, ती कौन्सिल ऑन फॉरिन रिलेशन्स. लंडनचं घर १९२३ मध्ये लेनर्ड नावाच्या कॅनेडियन दांपत्याने देऊन टाकलं. १९२६ मध्ये राजाची सनद मिळाली. त्या सनदेच्या बांधणीतच एक अट बसवलेली आहे: संस्थेने संस्था म्हणून जगातल्या कुठल्याही प्रश्नावर मत द्यायचं नाही. तिथे काम करणारा अभ्यासक पुस्तक लिहील, अहवाल लिहील, सरकारची साल काढील. ते मत त्याचं. पक्षाचा शिक्का बसू नये म्हणून मानाचे अध्यक्षही वेगवेगळ्या राजकीय गोटांतून घेण्याची पद्धत पडली. म्हणजे यजमानाला मत नाही आणि वर्षभरात आलेल्या या नियमामुळे पाहुण्याच्या मताला नाव नाही. असं ते घर.

घरात मंत्री यायचे, खात्यांचे अधिकारी यायचे, वर्तमानपत्रवाले यायचे, आणि एकाच खोलीत बसायचे. अधिकाऱ्याने मनातलं सांगावं तर सकाळी ते मथळ्यात; न सांगावं तर बैठक कशाला बोलावली? या पेचातून नियम जन्मला. त्याच्या जन्मकथेत मला एक गंमत दिसते, ती इतिहासकार जोडतील की नाही ते सोडून द्या. संस्थेमागचा मुख्य हलवणारा माणूस लायोनेल कर्टिस. हा १९१६ मध्ये हिंदुस्थानात फिरत होता. साम्राज्यात हिंदुस्थानचं काय करायचं याबद्दल त्याने आपला मित्र फिलिप कर याला एक खासगी पत्र लिहिलं आणि मित्रमंडळींसाठी त्याच्या प्रती छापून घेतल्या. खासगी पत्राच्या प्रती छापून घेणारा माणूस कसलं गुपित राखणार! प्रत फुटली, आपल्याकडच्या वर्तमानपत्रांतून गाजली आणि डिसेंबरातल्या लखनौ काँग्रेसच्या सुमारास कर्टिसवर एकच काहूर उठलं. काँग्रेस-लीग करार झाला तीच ही लखनौ काँग्रेस. टिळक तिथे होते. कर्टिसला मग हिंदी जनतेला उद्देशून खुलासे लिहीत बसावं लागलं. पुढे माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांतली द्विदल राज्यपद्धती घडवण्यात त्याचा हात होता, ते निराळं. पण स्वतःचं पत्र असं चव्हाट्यावर आलेल्या माणसाच्या घरी हा नियम वाढला, हे त्याला शोभतं.

नियमाची बाजू घेऊन बोलायचं तर पुष्कळ बोलता येतं. चूक कबूल करायला माणसाला आडोसा लागतो. शस्त्रकपातीची बोलणी, निर्बंध उठवायच्या वाटाघाटी, निर्वासितांची आकडेवारी, कुठेही बघा, अधिकृत भूमिका ही बहुधा सहा महिने शिळी असते आणि ताजं जे असतं ते कुणाच्या तरी नोकरीशी बांधलेलं असतं. त्या घरातलं बाकीचं काम तर फारच नीरस. १९२० च्या दशकापासून तिथे जगभरच्या वर्तमानपत्रांची कात्रणं काढून विषयवार लावली जात. आर्नल्ड टॉयनबी अभ्यास विभागाचे प्रमुख होते. जगाच्या घडामोडींचा वार्षिक आढावा घेणारे जाडजूड ग्रंथ ते वर्षानुवर्षं काढत राहिले, आणि त्यातलं बरंच काम व्हेरॉनिका बोल्टर या सहकारी बाईंनी उपसलं. (पुढे त्या टॉयनबींच्या पत्नी झाल्या; नाव मात्र जगाला टॉयनबींचंच माहीत.) कात्रणांतून वर्ष कळतं, पण फायलीमागचा माणूस काय म्हणतो ते कळत नाही. ते कळायला बंद दार लागतं.

पण बंद दाराआड शहाणपण पिकतंच असं नाही. हेच टॉयनबी १९३६ च्या फेब्रुवारीत बर्लिनला हिटलरला भेटून आले. परत आल्यावर परराष्ट्र खात्यासाठी त्यांनी गोपनीय टिपण लिहिलं, आणि त्यात त्यांचं मत पडलं की हा माणूस शांततेबद्दल बोलतो ते मनापासून बोलतो. जगाचा वार्षिक आढावा घेणारा माणूस, हाताशी युरोपभरची कात्रणं, आणि समोरासमोरच्या एका भेटीने पाघळला. हे टिपण त्याच दिवसांत उघडपणे, नावानिशी चर्चेला आलं असतं तर चार लोकांनी त्यांना जागेवर धरलं असतं असं मला वाटतं.

जागेवर धरणं म्हणजे काय, ते पाहायला पुन्हा दहा नंबरच्या घरीच जाऊ. तारीख २० ऑक्टोबर १९३१. गोलमेज परिषदेसाठी लंडनला आलेले गांधीजी चॅटम हाउसमध्ये बोलायला उभे राहिले. अध्यक्षस्थानी लॉर्ड लोदियन, म्हणजे कर्टिसने ज्याला ते फुटलेलं पत्र लिहिलं होतं तोच फिलिप कर. आपला नियम तेव्हा चार वर्षांचा होता, पण त्या संध्याकाळी त्याचं काही चाललं नाही: भाषण नावानिशी संस्थेच्या नियतकालिकात छापून आलं. गांधीजी म्हणाले, की पन्नास किंवा शंभर वर्षांपूर्वी होता त्याहून हिंदुस्थान आज अधिक निरक्षर आहे. इंग्रज राज्यकर्त्यांनी इथली शिक्षणपद्धती हाती घेऊन सांभाळण्याऐवजी मुळं उकरून पाहिली, ती तशीच उघडी टाकली आणि एक सुंदर झाड मेलं. माझे आकडे कुणी खोडून दाखवू शकणार नाही, असंही त्यांनी ठणकावलं.

श्रोत्यांत सर फिलिप हार्टॉग बसले होते. ढाका विद्यापीठाचे पहिले कुलगुरू, हिंदुस्थानातल्या शिक्षणाच्या चौकशी समितीवर काम केलेले, आणि आकड्यांच्या बाबतीत चिवट. त्यांनी विचारलं: पुरावा? दुसऱ्या दिवशी पत्र लिहून विचारलं. गांधीजींनी 'यंग इंडिया'तल्या जुन्या लेखांचा हवाला दिला. हार्टॉगांचं समाधान झालं नाही. दोघं लंडनमध्ये भेटलेही. गांधीजी परतले ते वर्ष संपताना, आणि जानेवारी १९३२ च्या पहिल्याच आठवड्यात सरकारने त्यांना उचलून येरवड्याला नेलं. त्यामुळे शिक्षणाच्या आकड्यांवरचं पुढचं पत्र फेब्रुवारीत येरवडा तुरुंगातून गेलं: इथे बसून कागद धुंडाळणं मला शक्य नाही, मुंबईच्या प्राध्यापक के. टी. शहांना सांगतो. शहांनी लांबलचक पत्र पाठवलं. हार्टॉगांनी तेही मान्य केलं नाही. त्यांनी लंडन विद्यापीठात या विषयावर व्याख्यानं दिली, १९३९ मध्ये ती पुस्तकरूपाने काढली आणि गांधीजींना पाठवली. त्या ऑगस्टमध्ये वर्ध्याजवळच्या सेगावहून उत्तर गेलं, की शोध मी सोडलेला नाही. मला पाठिंबा देणारे आहेत, पण पुरावा म्हणून मान्य होईल असं काही त्यांच्याकडून आलेलं नाही. तरी चॅटम हाउसमध्ये केलेल्या विधानाला मी अजून चिकटून आहे. काय सरळ कबुली! आणि काय हट्ट!

गोष्ट इथे थांबली नाही. गांधीजी गेले, हार्टॉग गेले, आणि १९८३ मध्ये धरमपाल यांनी मद्रास इलाख्यातल्या १८२० च्या दशकातल्या पाहणीचे इंग्रजी दफ्तरातले कागद काढून जाडजूड ग्रंथ लिहिला. नाव दिलं 'द ब्यूटिफुल ट्री', गांधीजींच्या त्या झाडावरून. त्या कागदांतून गावोगावच्या शाळा आणि त्यांत बसणाऱ्या शूद्र मानल्या गेलेल्या जातींच्या मुलांची मोठी संख्या पुढे आली. त्यावर आक्षेप घेणारेही निघाले: मुलींचं काय, अस्पृश्यांचं काय, शाळेत किती वर्षं टिकत होती पोरं? वाद आजही जिवंत आहे. एका संध्याकाळच्या एका विधानावर पन्नास वर्षांहून अधिक काळ माणसं पुरावे गोळा करत राहिली, त्याचं कारण साधं: विधानाला धनी होता. हार्टॉगांना पत्र कुणाला घालायचं ते माहीत होतं. "अलीकडेच एका चर्चेत असं पुढे आलं की हिंदुस्थान पूर्वीपेक्षा अधिक निरक्षर आहे" असं छापलं गेलं असतं, तर येरवड्याहून पत्र गेलं नसतं आणि झाडाचं नाव कुठल्या पुस्तकाला मिळालं नसतं.

माझा या गृहस्थावरचा राग म्हणा, तक्रार म्हणा, ती एवढीच. ज्याची नोकरी जाईल, ज्याला मायदेशी पकडतील, त्याच्यावर पांघरूण घालणारा म्हणून तो थोर. पण ज्याचं काहीच जाणार नाही त्याच्यावरही तो तेच पांघरूण घालतो. त्याला माणूस ओळखता येत नाही. ते त्याचं कामच नाही. मंत्री, कंपनीचा बडा अधिकारी, शस्त्रं विकणारा आणि शस्त्रांनी उठवलेल्या गावातून आलेली शिक्षिका, या सगळ्यांची नावं तो सारख्याच इमानाने विसरतो.

आपल्याकडच्या "विश्वसनीय सूत्रांकडून समजते" या जुन्या पाव्हण्याशी त्याची तुलना करतात, ती मला पटत नाही. सूत्र असतं तिथे निदान बातमीदाराला नाव ठाऊक असतं, संपादक खोलीत बोलावून विचारू शकतो आणि बातमी खोटी निघाली तर छापणाऱ्याची अब्रू जाते. नियमाखाली बाहेर पडलेल्या वाक्यावर कुणाचीच अब्रू गहाण नसते.

तो हिंदुस्थानात कसा आला? लंडनच्या संस्थेच्या वळणाची, तिच्याशी संलग्न अशी एक संस्था इंग्रजांच्या काळातच दिल्लीत होती. ती लंडनच्या नजरेने जग बघते असं वाटल्याने तेजबहादूर सप्रू आणि हृदयनाथ कुंझरू यांनी १९४३ मध्ये इंडियन कौन्सिल ऑफ वर्ल्ड अफेअर्स ही स्वतंत्र संस्था काढली. कुंझरू म्हणजे गोखल्यांनी पुण्यात स्थापलेल्या भारत सेवक समाजाचे अध्यक्ष. त्यामुळे दिल्लीच्या या घराचा एक वासा पुण्याचा आहे म्हणायला हरकत नाही. याच संस्थेने १९४७ च्या मार्च-एप्रिलमध्ये दिल्लीत आशियाई परिषद भरवली. लंडनची संस्था नको म्हणून वेगळी काढली खरी, पण नियम मात्र आपल्या सभांमधून आरामात रुळला. आता तर तो दिल्ली-मुंबईच्या परिषदांतच नव्हे, कंपन्यांच्या मासिक बैठकांतही ऐकू येतो, जिथे कँटीनच्या दरापलीकडे गुपित नसतं. असल्या ठिकाणी त्याला बोलावणं म्हणजे त्याचा पाणउतारा आहे.

तो मोडला तर काय होतं? कायदा त्याच्या मागे नाही, दंड नाही. संस्थेचा सदस्य असेल तर संस्था कारवाई करते. बाहेरच्या कुणी मोडला तर पुढच्या वेळी बोलावणं येत नाही, आणि या जगात बोलावणं न येणं ही फाशी समजतात. खरी जबर शिक्षा त्याच्या माहेरालाच एकदा झाली, ती नियम पाळल्याची वा मोडल्याची नव्हे: एप्रिल २०२२ मध्ये, रशिया युक्रेनवर चाल करून गेल्यावर, तिथल्या सरकारी वकिलांनी चॅटम हाउसला 'अनिष्ट संस्था' ठरवलं. रशियात तिच्या कामात भाग घेणं हा तेव्हापासून गुन्हा. अशा वेळी मॉस्कोहून आलेला एखादा अभ्यासक टेबलाशी बसला असेल, तर त्याच्यासाठी हा एका वाक्याचा म्हातारा किती मोलाचा, ते सांगायला नको. त्याला मी इथे दोन्ही हात जोडतो.

चॅटम हाउसमध्येही आता सगळं त्याच्या हवाली नाही. सदस्यांसाठीच्या मोठ्या सभा बऱ्याचदा उघड असतात, नावानिशी, चित्रफितीसह. नियमाची गरज लागते ती अभ्यासकांच्या छोट्या बैठकांना. हे त्याच्या देहातच लिहिलेलं आहे, फक्त आपल्याकडे कुणी तेवढं वाचत नाही: बैठक किंवा बैठकीचा काही भाग त्याच्याखाली ठेवता येतो. तेव्हा पुढच्या खेपेला तुम्ही अशा टेबलाशी बसलात आणि अध्यक्षांनी चष्मा पुसत त्याचं नाव घेतलं, तर मान डोलावण्याआधी हात वर करा आणि विचारा: साहेबांचं भाषण नावानिशी ठेवून नंतरच्या प्रश्नोत्तरांपुरता नियम लावता येईल का?